डाव्या पायाची कळी

पाटीवर 'लेडीज टेलर' वाचून
तो बाहेरच थांबला असावा पाचेक मिनिटं,
विटाव्याच्या उखडलेल्या लादीवर
वॉकर टेकवत, उचलत.
लुंगीखाली डाव्या पायाभोवती लोखंडी कडी, चार,
हाडात शिरलेल्या सळया, मुळाशी कापसाचे बोळे.
सोमेश केंगार. घोडबंदरला पिझ्झा पोचवत होता.
डंपरनं वळण घेतलं, याला न विचारता.

पिशवीतून जीन्स काढली.
कळवा नाक्यावर ताडपत्रीवर ढीग असतो
त्यातली, एकशे तीसची.
आधीच्या मालकाचा मोबाईल उजव्या खिशात असायचा,
त्याचा पांढुरका चौकोन अजून तिथंच.
"क्लेमच्या हपिसात जायचंय, मावशी.
साहेबापुढं लुंगीत नको वाटतं.
इथं उसवून एखादं ठिगळ..."

ठिगळ नाही म्हणायचं.
ठिगळ भोकावर बसतं. ही कळी.
परकराला घालतात, सलवारीला घालतात,
तुला घालू.

कड्यांवरून टेप फिरवली,
सळईला धक्का नको म्हणून श्वास धरला
दोघांनीही.
सव्वीस इंच.
उजवा पाय, चौदा.
वहीत लिहिले तर एका माणसाचे वाटेनात.

जाड कापड शिल्लक नव्हतं.
पाटणकरबाईंच्या गाऊनमधलं उरलेलं होतं,
तपकिरीवर पांढरे ससे.
मी त्याच्याकडं बघितलं, तो सशांकडं.
"चालेल," म्हणाला,
"साहेब पायाकडंच बघणारेत."

बाहेरची शिवण ब्लेडनं उसवली.
आतली दुहेरी मुडपलेली, तिच्या वाटेला गेले नाही.
उसवलेल्या कडेतून कोऱ्या निळ्याची रेघ निघाली,
एवढी वर्षं ऊन न लागलेली.
अठरा नंबरची सुई, तरी खालच्या दुमडीशी मोडली.
मग बत्त्यानं ठोकून जाडी चपटी केली
(लसणाचा वास राहिला, तो जाईल)
आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका.
कुणाचे कान शिवणीत गेले,
एकाचं नुसतं शेपूट बाहेर राहिलं.
ऐंशी सांगितले. चाळीस दिले त्यानं.

हळदीकुंकवाच्या ब्लाऊजांची घाई होती
तेव्हा पुन्हा आला, काठीवर.
सळया निघाल्या होत्या.
आत पाय एवढासा,
बाहेर ससे रिकामे लोंबणारे.
क्लेमचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
ब्लेड हातात घेतलं, म्हटलं, काढून टाकते,
होती तशी सरळ करून देते.
"काढायची नाही," तो म्हणाला.
"दुसऱ्या पायाला पण घाला."

पण ससे संपले होते.
हातातला ब्लाऊज ठेवून
दोन जिने चढून पाटणकरबाईंकडं गेले.
बाईंनी आतून तो गाऊन आणला,
बसायच्या जागी विरलेला,
आणि अट घातली: उरेल त्याची भाजीची पिशवी शिवायची,
आणि हे कशाचं कापड आहे ते
पोराला अजिबात सांगायचं नाही.

सव्वीस कशाला लागतंय त्या पायाला,
पण सव्वीसच केलं, जोडी जमायला हवी.
रंगाची नाहीच जमली.
डाव्या पायाला कोरे ससे,
उजव्याला धुऊन धुऊन करडे.

आता कुठल्याशा मेडिकलच्या काउंटरला उभा राहतो म्हणे.
सकाळी पुलाकडं जाताना दिसतो.
वर गॅलरीत पाटणकरबाईंची कळी खुलते,
शेजारीण विचारते काय झालं, तर म्हणतात, काही नाही.
चाळीस रुपये अजून यायचेत.
मी मशीनवरून मान वर करते.
उजव्या पायाची कळी उघडते.
डाव्या पायाची,
जरा थांबून.